पेनीचं दूध ओतू नका

वन्सं,

फ्रीजमध्ये मागे, झाकलेल्या पेल्यात पेनीचं दूध आहे. माझं, अंगावरचं. काल मी कामावरून लवकर परतले, तर तुम्ही ते पपईच्या बुंध्याशी ओतत होतात आणि पेनीबाळाच्या बाटलीत साखरेचा चहा होता. "बाहेर राबणाऱ्या बाईचं दूध बाधतं," म्हणालात. आपल्या टोंगा बेटांवर आत्याचा शब्द आईच्या वर, म्हणून गप्प बसले. कागदाला असला रिवाज नाही.

हॉटेलातल्या चादरींच्या खोलीत कडी लावून, पेनीचा फोटो समोर ठेवून, हाताने पिळून काढते मी ते. तुमच्या भावाला ऑस्ट्रेलियात फोन केला, तर म्हणतो, "अगं, अक्काचं ऐक." झालं, संपलं.

आज ओतण्याआधी एक घोट स्वतः घ्या. बाधलं तर खुशाल ओता. नाही बाधलं तर पेनीला वाटी-चमच्याने पाजा. चहा नको.

दुपारच्या सुट्टीत मी हॉटेलच्या मागच्या फाटकाशी उभी असेन. त्याला आणलंत तर अंगावर पाजेन. नाही आणलंत तरी उभी राहीन. त्या वेळेला पान्हा फुटतोच, कुणी येवो न येवो.

लोसालिने