साक्षीचे नाताळचे सिनेमे

४ डिसेंबर

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. पिंप भरून झालं, मी मेथी निवडायला बसले. साक्षी माझ्या लेकाचा, प्रशीलचा, डबा भरत होती. भाकरी एक हवी की दोन, यावरून त्या दोघांचं चाललं होतं. मग तो मोटारसायकलवर बोदवडला शाळेवर निघाला. मेथी निवडून व्हायच्या आत फोन वाजला — ट्रकने उडवलं. त्या मेथीचं पुढे काय झालं, आठवत नाही. प्रशीलला जाऊन तीन वर्षं झाली.

आज हे वर यायचं कारण फालतू. टीव्हीतल्या सिनेमात फोन वाजला आणि मी दचकले. तिकडे काय, तर केक करपला म्हणून कुणीतरी फोन केलेला!

डिसेंबर लागला की माझी सून नाताळचे सिनेमे बघते. दातांच्या दवाखान्यातून आली, चहा घेतला, की लावलाच. सगळे हिंदीत बोलतात, ओठ भलतेच हलतात. पिंप्राळ्यात, बौद्धांच्या घरात, नाताळ! म्हटलं, "पंचवीसला आपल्याकडे स्त्रीमुक्ती दिन असतो, ठाऊक आहे ना?"

"हो आई. तो सकाळी. हे संध्याकाळी."

उत्तर तयारच!

७ डिसेंबर

रविवार. एकापाठोपाठ दोन सिनेमे. दुसऱ्याला मिसबाहही आली — मागच्या गल्लीतली, साक्षीच्याच दवाखान्यात कामाला आहे.

गोष्ट अशी: शहरातली बाई, मोठी नोकरी, फोन कानाला चिकटलेला. ती खेड्यात येते. तिथे सुतारकाम करणारा एक दाढीवाला. गावातली बेकरी बंद पडायला आलेली. बर्फ पडतो, बेकरी वाचते, बाई नोकरी सोडते. आधीच्या सिनेमातही हेच, फक्त बेकरीच्या जागी खेळण्यांचं दुकान. यांना दुसरं काही सुचत नाही का?

आणि तो बर्फ! पडला की लगेच हातात हात आणि गाणी. मी धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये उमर काढली. असाच पांढरा भुगा दिवसभर उडायचा — केसांत, नाकात, डब्यातल्या भाजीत. रात्रभर खोकला. एकदाही कुणाला गाणं सुचलं नाही. हे बोलून दाखवलं तर मिसबाह हसून लोळली. "काकू, नको नको म्हणता, आणि हिरोच्या कुत्र्याचं नावसुद्धा पाठ!"

कुत्रा निदान वेगळा होता. माणसं सगळी सारखीच.

१० डिसेंबर

धुळ्याहून अक्कांचा फोन. द्रौपदाबाई, माझी थोरली नणंद. परत तेच. संघपाल म्हणून कुणी आहे, आयटीआयमध्ये शिकवतो, बायको आजारात गेली, मूलबाळ नाही. साक्षीसाठी. "पोर सोनासारखी शे. किती दिन घरमा बसाडी ठेवशी? तिले इचार!"

विचारते म्हटलं.

विचारणार नाही. साक्षीने कधी तक्रार केलीय? कामाला जाते, सिनेमे बघते, झोपते. प्रशीलचे वडील, आधार, गेले तेव्हा धरून बसायला प्रशील होता. आता प्रशीलला ओळखणारी या घरात आम्ही दोघीच. ती गेली तर त्याच्याबद्दल मी कुणाशी बोलू? पिंपाशी?

१३ डिसेंबर

एक लक्षात आलंय. या प्रत्येक सिनेमात कुणीतरी आधीच मेलेलं असतं. "माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली" — एवढंच वाक्य, तेही झाडाला दिवे गुंडाळता गुंडाळता. अर्ध्या तासात हा बाप्या दुसरीबरोबर बर्फात घसरून पडतो आणि हसतो! आणि ती गेलेली म्हणे सांगून गेली होती, तू आनंदात राहा. सगळ्यांचे मेलेले असे बरोबर सोयीचंच कसं बोलून जातात?

प्रशील जाताना म्हणाला होता, "भाकरी कडक झालीय."

१४ डिसेंबर

शेवटी विचारलंच. संघपालचं नव्हे, सिनेमांचं. "काय एवढं आवडतं गं तुम्हाला यात?"

मिसबाह म्हणाली, "काकू, एका टेबलाशी पंधरा माणसं जेवतात आणि कुणी ताट आपटत नाही. आमच्याकडे शादीत एवढ्यात दोन मामू उठून गेले असते!"

साक्षीने टीव्हीचा आवाज कमी केला. "शेवट माहीत असतो, आई. फोन वाजला तरी फार तर केक करपलेला असतो."

मी भांडी घासायला उठले. त्या सिनेमांत कुणी भांडीही घासत नाही. पंधरा माणसांची!

१९ डिसेंबर

आज लाल कपड्यांतला म्हातारा धुराड्यातून उतरला. कपड्यांना काजळी नाही. लिहिणाऱ्याने चूल बघितलेली नाही.

२१ डिसेंबर

आजचा जरा बरा वाटला होता. मोठं घर, एक म्हातारी, मुलगा गेलेला, सून तिच्याजवळ राहते. सुनेला मागणी घालायला एक माणूस दारात येतो. म्हातारी जिन्यात उभी — आणि तेवढ्यात साक्षीने बंद केला! म्हणाली, "कंटाळवाणा आहे."

सगळ्या बेकऱ्या वाचेपर्यंत जागची न हलणारी ही पोरगी!

२२ डिसेंबर

ती कामावर गेल्यावर रिमोटशी झटापट करून उरलेला पाहिला. म्हातारी सुनेची बॅग स्वतः भरते. वर भाषण — प्रेम म्हणजे काय, सोडून देणं म्हणजे काय. तेही बाहेर बर्फात, अंगावर शाल नाही. भंपकपणा नुसता. कुठली सासू असं करते? आणि स्वेटर घडीसुद्धा न घालता कोंबले.

बघितला मात्र शेवटपर्यंत.

दुपारी अक्का: "पंचवीसपर्यंत सांग. त्यास्ले मंग दुसरी पोर दखनी शे." त्यांना दुसरी मुलगी बघायचीय म्हणे. सांगते म्हटलं.

२५ डिसेंबर

विहारात स्त्रीमुक्ती दिनाचा कार्यक्रम होता — बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली तो दिवस. महिला मंडळाच्या इंदिराबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचणाऱ्या, तुम्हीच बोला." मी वाचायला लग्नानंतर शिकले, घरच्या घरी. त्याचं यांना फार कौतुक. बोलले. बाईचं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवायचे दिवस गेले, वगैरे. चांगलं खणखणीत बोलले. टाळ्या पडल्या. साक्षी मागे सतरंजीवर बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "छान बोललात, आई."

एवढंच. पण ते लागलं. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "धुळ्याचं एक स्थळ आहे. अक्का कधीच्या विचारताहेत."

"माहीत आहे. आत्यांनी मलाही फोन केला होता. संघपालशी दोनदा बोलले मी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

मी पेला विसळून पालथा घातला. शेवटी मीच विचारलं, कसा आहे. म्हणाली, "कमी बोलतो. पहिल्यांदा प्रशीलचंच विचारलं, कसा होता म्हणून. मीच सांगत बसले. तासभर." तिने ओढणीने नाक पुसलं. "मला हो म्हणायचंय, आई. पण तुम्ही एकट्या —"

"माझं मी बघते," म्हटलं.

आज सिनेमा लावला नाही कुणी.

२७ डिसेंबर

काल पहिल्या गाडीने धुळ्याला गेले. लग्नाआधी मुलीकडचे घर बघायला जातात, तशी. संघपालच्या आईने दारात विचारलं, "मुलीकडून कोण कोण आलंय?" म्हटलं, मी. पडदे भिकार आहेत. मोरी स्वच्छ आहे. भिंतीवर त्याच्या आधीच्या बायकोचा फोटो होता. तो ओशाळून म्हणाला, काढणारच आहे. म्हटलं, खबरदार! शेजाऱ्यांकडून हातोडी मागवली आणि त्या फोटोजवळ प्रशीलच्या फोटोसाठी एक खिळा ठोकून आले.