चौकशीबाई

१० जाने., शनि.
पडेगावच्या शाळेत माझा तिसरा शनिवार. सातवीला 'खेळ कुणाचे?' हा मुलगा-मुलगी समानतेचा पाहुणा तास शिकवतोय. म्हणजे मी, विनोदी लेखक, ज्याचा एकमेव खेळ पत्ते. फळ्यावर दोनच शब्द लिहिले: 'असं का?' खटकेल तिथं हेच विचारायचं.
प्रतीक्षाचा हात लगेच वर. पोरींच्या खो-खोची कप्तान, तोंडाची फटकळ. "सर, क्रीडादिनाला पोरांचे सामने व्हतात, अन् आम्ही नऊवारी नेसून बक्षिसांचं तबक धरायचं. आमचा सामना दरसाली येळ संपला म्हणून रद्द. असं का?"
म्हटलं, हे तिथंच विचार. मोठ्यांदा.
आपल्या बापाचं काय जातंय!

१६ जाने., शुक्र.
क्रीडादिन. प्रमुख पाहुणे अस्मादिक. फेटा, शाल, नारळ. मुलांची कबड्डी आटोपली. मग पीटीचे गायके सर माईकवर: वेळेअभावी मुलींचा खो-खो रद्द.
तबक घेऊन आलेल्या प्रतीक्षानं ते टेबलावर ठेवलं. माईकशी येऊन म्हणाली, "येळ आमचाच का संपतो? असं का?"
गायके लालबुंद. तिनं माझ्याकडं पाहिलं. खात्रीनं.
मी माईक घेतला. "सांभाळा सर! या चौकशीबाई उद्या तुम्हालाच नऊवारी नेसवतील."
हशा. टाळ्या. मुख्याध्यापक म्हणाले, छान निभावलंत. पोरीनं तबक उचललं, माझ्यापुढं धरलं. मी त्यातली पदकं वाटली. मुलांना.

१७ जाने., शनि.
वर्गाबाहेरच कानावर आलं: "ए चौकशीबाई, सरक की!" एरवी माझा शब्द लोकांच्या तोंडी बसला की दिवसभर फुगलेला असतो. आज नाही.
तासाला विचारलं, काही विचारायचंय? एकही हात नाही. प्रतीक्षा वहीत नुसत्या रेघा मारत होती.
घरी बायकोला सांगितलं. ती: "तुला ना सरांची बाजू घ्यायची होती, ना तिची. टाळी घ्यायची होती." अन् पेपर उघडून बसली. बरोबर बोलली की ती असं करते.

२१ जाने., बुध.
गायकेंना उस्मानपुऱ्यात चहाच्या टपरीवर गाठलं. सामना घ्या म्हटलं. "अहो, तुम्हीच तर मिटवलं की! लई भारी बोललात." हटून बसलो. शेवटी शनिवारी घेतो म्हणाले, माझ्या तासाच्या जागी.
तिथून शाळेत. वर्गासमोर म्हटलं, ते नाव मी ठेवलं, चुकलो. मागच्या बाकावरून: "पण भारी व्हतं सर!"
प्रतीक्षाची वेगळी माफी मागितली. मधेच एक विनोद सुचला, गिळला. ती एवढंच म्हणाली, "कप्तान दुसरी बघा सर. मैदानात उतरले की पोरं तेच वरडतील."

२४ जाने., शनि.
मैदानावर चुन्याच्या ताज्या रेघा. पोरी ट्रॅकपँटमध्ये, मुलं भिंतीवर चढून बसलेली. प्रतीक्षा नाही.
गायकेंनी शिट्टी तोंडाशी नेली. "करू सुरू?"
मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या संघातली रुबीना: "सर, तुम्ही नका बोलू काही. आम्ही थांबतोय ना तिच्यासाठी."
पोरी ओळीनं चौकोनांत बसल्या. एक चौकोन मोकळा सोडून.
मी तोंड मिटलं. फाटकाकडं बघत उभा राहिलो.