खुडलेली पानं

माय,

आज सकाळी वाफ्यात पानं तपासत होते. रानटी, बोराएवढ्या टोमॅटोशी केलेल्या आपल्या संकराची आठवी पिढी तिथे उभी आहे. करपा रोग मुद्दाम येऊ दिला आहे, तरी तिची जमिनीलगतची पानंसुद्धा हिरवी आहेत. शेजारची नाजूक जात आम्ही रोग पसरावा म्हणूनच लावतो. ती पार वाळून गेली. असा फरक डोळ्यांनी दिसतो तेव्हाच कोणत्या झाडाचं बी धरायचं ते कळतं. किती सुंदर गोष्ट आहे ही! तुला सांगावीशी वाटली.

या संकराची पहिली चाचणी मी घाटनांदूरला आपल्या विहिरीजवळच्या तुकड्यात लावली होती. आठवडाभर मी बीडला असायचे. शनिवारी येऊन डाग खालून किती वर चढले, ते झाडागणिक लिहायचे. निघताना तुला एवढंच बजावलं होतं, "औषध मारायचं नाही." पाचव्या शनिवारी पाहते, तर सगळ्या ओळी सारख्याच स्वच्छ, जी करपायलाच हवी होती तीसुद्धा. मला काही उमजेना. घरात आले, तू भाकरी थापत होतीस, आणि तुझ्या नखांच्या कडांना टोमॅटोच्या पाल्याचा तो हिरवट-काळा राप दिसला.

"पानं खुडलीस?"

"डाग पडलेली तेवढीच. खड्ड्यात पुरली, इकडंतिकडं न्हाई टाकली." तू काहीशा अभिमानानेच म्हणालीस. "तुझा चुलता रोज बांधावरून म्हनायचा, 'काय वहिनी, लेक एवढी शिकली अन् टमाट्याला औषिद मारता येईना व्हय?' औषिद तर तू न्हाई म्हनलीस. मग मी पहाटं वाकून वाकून खुडली. लई पानं हुती गं."

"अडाणीपणानं माझं वर्ष घालवलंस!"

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. खाली बघूनच विचारलंस, "रोग काढला तर वर्ष काहून गेलं?" मी उठले आणि मिळेल त्या एसटीने बीडला परतले. त्यानंतर आपण बोललो ते कामापुरतं. पुढच्या लावणीआधी तू गेलीस.

चाचणीतलं रोगट पान का खुडायचं नाही, हेच आता मी गावोगावच्या बायांना शिकवते. रोगट पान हातात देते, त्यावरची वर्तुळं दाखवते, समजेपर्यंत पुन्हा सांगते. त्यांना ते एका बैठकीत कळतं. तुलाही कळलं असतं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. त्या हंगामाच्या नोंदवहीत मी 'गारपिटीने चाचणी वाया' असं लिहिलं. तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून, असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. खरं कारण वेगळं होतं. पानं का खुडली गेली, असं कोणी विचारलं असतं, तर तुला मी काहीच समजावलं नव्हतं, हे मला सांगावं लागलं असतं.