चौथ्या गाण्यातला सोलो

रविवार, १२ तारीख
दुपारी साडेतीन

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांची कंबर पुन्हा धरली आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर गेलं. ऑफिसात नवे साहेब आलेत, ते फायली उंचीनुसार लावून घेताहेत. एकाच शहरात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तर मी खोटं बोलते. म्हणून कागद.

आधी एक विचारायचं आहे. आपण रेकॉर्डिंग करतो त्या माझ्या मागच्या खोलीत कोणीतरी येऊन गेलंय.

माझी सवय तुला माहीत आहे. रेकॉर्डिंग संपलं की गिटारच्या अ‍ॅम्पची बटणं कुठे होती ते मी डायरीत लिहून ठेवते, माइक स्पीकरपासून किती बोटं लांब होता तेसुद्धा. तू त्याला किराणा मालाची यादी म्हणतोस. पण त्या यादीमुळेच शुक्रवारी कळलं. गेन, म्हणजे अ‍ॅम्पचा जोर वाढवणारं बटण, चारवर होता, तो सहावर गेलेला. माइक तीन बोटांवर होता, तो स्पीकरच्या कापडाला चिकटलेला. हेडफोनचा पट्टा दोन घरं सैल.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुझ्या त्या वायरींच्या जंगलात उड्या मारायला मला कंबर उरली आहे का?"

मग मी वहिनींवर संशय घेतला. खरं सांगते. मागे जेवायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "गाण्यातलं सगळं ह्यांनीच वाजवलंय ना गं?" आणि उत्तराची वाट न बघता ताटं उचलली होती. तो प्रश्न मला टोचत राहिला. गेन कशाशी खातात हेही त्यांना माहीत नसेल, तरी मी एक अख्खा दिवस त्यांना चोर ठरवून बसले होते.

काल सासूबाईंनी आपणहून सांगितलं.

"गुरुवारी तुझा भाऊ आला होता, तू ऑफिसात असताना. चहा नको म्हणाला. दार लावून तासभर टुणटुण केली. तेच तेच, तेच तेच. जाताना म्हणाला, तिला सांगू नका, गंमत आहे."

"मग आज का सांगताय?"

"गंमत करणाऱ्याचा चेहरा तसा नसतो गं."

म्हणजे वर 'कोणीतरी' लिहिलं तेव्हा मला ठाऊक होतं. तू काय उत्तर देतोस ते बघायचं होतं. संशयाची सवय लागली की माणूस भावाच्या पत्रातही सापळा लावतो. ते वाक्य खोडावंसं वाटलं, पण राहू दे. मी कशी आहे ते तुला दिसू दे.

तू रेकॉर्ड केलेलं मी ऐकलं. पुसलंस असं तुला वाटलं असेल. स्क्रीनवरून काढलंस, पण फायली फोल्डरमध्ये तशाच राहतात, हे तुला कधीच कळलं नाही. अकरा टेक. आपल्या गाण्यांतल्या चौथ्याचा गिटारचा सोलो, आणि अकराही वेळा एकाच जागी अडलेला, जिथे शेवटच्या दोन बोटांनी तार वर ओढून धरायची असते. सातव्यात तू शिवी दिली आहेस. नवव्यात बराच वेळ नुसता अ‍ॅम्प घुमतोय.

आता माझं.

गाण्यात जो सोलो आहे तो तू वाजवलेला नाहीस. मी वाजवला आहे.

ऑगस्टमध्ये तू चार दिवस येत होतास. शेवटच्या दिवशी गिटार तिथेच ठेवलीस आणि म्हणालास, "यातलं बरं बरं जोडून घे." जोडण्यासारखं काही नव्हतं, दादा. मी खूप शोधलं. मग तुझीच गिटार घेतली, तुझाच अ‍ॅम्प, तीच बटणं. कॉलेजात असताना तूच मला शिकवलंस, त्यामुळे मला तुझ्या चुकासुद्धा येतात. तार ओढताना तू किंचित उशीर करतोस. मी तोही केला.

ऐकून तू म्हणालास, "बघ, हात आहे की नाही अजून?" मी हो म्हणाले. डायरीत लिहिलं, दयेपोटी. दुसऱ्या दिवशी तो शब्द खोडला. तुझी दया आली होती, पण तुला ओळखू आलं नाही याचा आनंदही तेवढाच झाला होता.

माझ्या मते ते एका गाण्यापुरतं होतं. गेल्या सोमवारी तू डॉक्टरांना तोच सोलो फोनवर ऐकवलास. "असं वाजवणारा माणूस आजारी असतो का?" असं विचारून मज्जातंतूंच्या तपासण्या रद्द करून आलास. वहिनींनी रडत सांगितलं मला. तुझ्या शर्टाची बटणं हल्ली त्याच लावतात, तेही सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसले.

आणि गुरुवारी ते अकरा टेक झाल्यावर शुक्रवारी तू मला फोन केलास! "काय सोलो झालाय, तपासण्यांची गरजच नाही!" तेव्हापासून तोच विचार चालू आहे. तू स्वतःला फसवतोयस, की मला? की सगळं ओळखून, मी तोंड कधी उघडते याची वाट बघतोयस? तसं असेल तर मी फार वाट बघायला लावली.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात तुझे ऑगस्टमधले टेक आहेत, कुठेही हात न लावलेले. ऐक. आणि ऐकवायचेच तर डॉक्टरांना ते ऐकव. दवाखान्यात फोन करून बुधवारी सकाळी दहाची वेळ मी तुझ्या नावावर घेतली आहे. वहिनींना वेळ सांगितली आहे. सोलोचं सांगितलेलं नाही, ते सांगायचं की नाही हे तू ठरव.

साडेनऊला मी तुझ्या घराखाली गाडी घेऊन उभी असेन. रागावला असशील तर मागच्या सीटवर बस. बोलू नकोस माझ्याशी. पण बस.

तुझ्या हाताच्या वतीने खोटी साक्ष दिलेली,
तुझी धाकटी