मोठ्या गोळीला मोठी टोपी

१० मे, शनि.
बाबांना फोन. "बरी आहेस? बरं. ठेवतो." संपलं. भूकंपाच्या आठवड्यात "पहिल्या विमानाने निघून ये" म्हणाले होते. मी गेले नाही. त्याला तीन वर्षं झाली, राग तसाच. तेव्हा टोकियोजवळ उरायासुत होतो, रस्त्यातून चिखल वर आलेला, नळाला पाणी नाही. सुहासला रजा नव्हती, नवऱ्याला एकटं टाकून कशी जाणार होते? आता ओजिमाला आहोत, नळाला पाणी आहे, आणि सुहास महिन्यातले तीन आठवडे सिंगापूरला. राहिले कुणासाठी, देव जाणे.

१३ मे, मंगळ.
ऑफिसात विचित्र काम आलंय. अमेरिकेत म्हणे लोक झाडलेली काडतुसं छंद म्हणून घरी परत भरतात. काडतुसाच्या बुडात एक बारकी टोपी असते, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. ती दाबून बसवायची पिन आम्ही बनवायची. मापं दोन, लहान आणि मोठं. इंग्रजी मेल वाचून जपानीत लिहायचं काम माझं. अख्ख्या मजल्यावर कुणी पिस्तूल पाहिलेलं नाही. साहेब, किमुरा-सान, मला विचारतात, "इंडियात असतं ना?" जसं काही आमच्याकडे भाजीवाल्याकडे मिळतं!

१७ मे, शनि.
गिऱ्हाईक लिहितो, पंचेचाळीस कॅलिबरच्या, म्हणजे मोठ्या पिस्तुलाच्या गोळीसाठी दोन्ही पिना द्या. एकाच गोळीला दोन मापं कशी? बाबांना विचारलं. जन्म गेला त्यांचा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, काडतुसांत.
"मोठ्या गोळीला मोठी टोपी. साधी गोष्ट आहे. नाइन एमएमला लहान, पंचेचाळीसला मोठी. लहान टोपी मोठ्या खाचेत ढिली पडेल. मोठी लहान खाचेत जायचीच नाही, रेटलीस तर तोंडावर उडेल. काय तुझे अमेरिकन!"
मग बोलतच सुटले. समोरचा चहा गार झाला म्हणाले, तरी फोन ठेवला नाही. नंतर भांडी घासताना रडले मी. आनंदानेच, बहुतेक.

२० मे, मंगळ.
भाषांतराच्या समासात लिहिलं: गिऱ्हाइकाची चूक, पंचेचाळीसला फक्त मोठी. किमुरा-सान: "खात्री आहे?" म्हटलं, माझे वडील याच कामात होते. "ओतोसान!" म्हणून त्यांनी आदराने मान लववली. वडिलांचं नाव काढलं की इथे पुढे कुणी विचारत नाही. लहान पिन सेटमधून काढली.

२४ मे, शनि.
आज बाबांनीच विचारलं, "आणखी काय विचारतायत तुझे सानलोक?" कुणी काही विचारलं नव्हतं. टोपी किती खोल बसवायची, असं आपलं ठोकून दिलं. खुलले एकदम. पुढच्या शनिवारचा प्रश्न शोधायला हवा.

३० मे, शुक्र.
मेल. सोबत फोटो. दोन काडतुसं शेजारी शेजारी, दोन्ही पंचेचाळीसची, एकाच्या बुडात मोठी टोपी, दुसऱ्याच्या लहान. हल्ली काही जण लहान खाचेची बनवतात. गोळा केलेल्या ढिगात दोन्ही मिसळतात, लोक बसून निवडतात. आणि खाली: आम्ही मागितलेली पिन तुम्ही का काढलीत?
किमुरा-सान मला एक शब्द बोलले नाहीत. गिऱ्हाइकाच्या इथल्या माणसाला फोन लावला आणि फोनवरच वाकून वाकून, "शहानिशा न करता पुढे पाठवलं, चूक माझी." त्यापेक्षा चार लोकांत ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी स्वयंपाक केला नाही. कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताची मूद, आणून खाल्ली, उभ्याउभ्याच.

३१ मे, शनि.
बाबांचा पहिला प्रश्न, "बरोबर निघालं ना आपलं?" आपलं! हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण 'इथे सगळं छान आहे' हे तीन वर्षं सांगतेच आहे. आणखी एक खोटं जिभेवर येईना.
"नाही बाबा. पंचेचाळीसला लहान टोपीही असते. फोटो आलाय."
"शक्य नाही."
 मग, "नोकरी आहे ना तुझी?"
"आहे."
"ठेवतो."

७ जून, शनि.
उचलत नाहीत. दोनदा केला. शेजारच्या जोशीकाकूंच्या फोनवर फोटो पाठवला, बाबांना दाखवा म्हणून. उगाच पाठवला का? जखमेवर मीठ. सुहास सिंगापूरहून म्हणतो, "वय झालंय त्यांचं, मनावर घेऊ नकोस." तू थोडं घे ना मनावर, म्हणावंसं वाटलं. बाहेर वाळत घातलेले कपडे काढले, घड्या केल्या, परत उलगडून इस्त्री केली. घरात बोलायला दुसरं आहे कोण?

११ जून, बुध.
ऑफिसात फोन वाजला. बाबा! आपणहून, भूकंपानंतर पहिल्यांदा. कॉरिडॉरमध्ये धावले.
"पाहिला फोटो. खरंच आहे की. आमच्या वेळी नव्हतं असं." आणि पुढे, "मला वाटायचं, मला ठाऊक आहे तेवढंच..." 
मग एकदम, "तिकडे अजून हलतं का ग?"
"हलतं. परवाच हललं."
"भीती वाटते?"
उत्तर तयार असतं माझं: नाही बाबा, इथल्या इमारती मजबूत असतात. आज म्हटलं, "वाटते. एकटी असते ना, फार वाटते."
'ये' म्हणाले नाहीत. 'ठेवतो'ही म्हणाले नाहीत. किमुरा-सान काचेतून डोकावले, माझा चेहरा पाहून परत गेले.
"बाबा, ठेवू नका."
"नाही ठेवत."
 फोन तसाच धरून उभी राहिले.