घड्याळ पुन्हा दहापासून

मंगळवार, संध्याकाळ

बाबांनी डायबेटिसच्या गोळ्या बंद केल्यात, हे आज धायरीला गेल्यावर कळलं. मोबाइलवरच्या जाहिरातीतली कसलीशी पावडर घेतायत.

"अगं, सवलत दहाच मिनिटं होती," म्हणाले.

मी त्यांच्या मोबाइलवर जाहिरातीचं पान बंद करून पुन्हा उघडलं. सवलतीचं घड्याळ पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू!  बाबांनी मुकाट्यानं गोळी घेतली आणि हळूच म्हणाले, "तुझ्या आईलाही बीपीसाठी हीच देतोय."

 आई कालच वाघोलीला, मावशीकडे गेलेली. लगेच फोन लावला.

"मी कुठे घेतेय? कुंडीत ओतते. माझ्या गोळ्या चालू आहेत," आई म्हणाली.

हुश्श. पण मग राग आला. "बाबांना का नाही अडवलंस?"

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"