सोनूबाईच्या ओव्या आणि माझं विंडोज ९८

५ जानेवारी २०२५, रविवार
अंबादासच्या घशातली गाठ शेवटी कॅन्सरचीच निघाली. सहा फेब्रुवारीला ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार, म्हणजे त्यानंतर आवाज नाही. फार वाईट वाटलं. वाकोल्याला एकाच चाळीत वाढलो आम्ही. तो म्हणाला, चंदू, आवाज हाय तवर एकदा आईच्या ओव्या पोराबाळांना वाचून दाखवायच्यात. तुझ्याकडं टाइप केलेल्या हायेत ना रे?
आहेत म्हणजे काय. नव्व्याण्णव साली त्याची आई सोनूबाई माझ्या कॉम्प्युटर क्लासात शेजारी स्टुलावर बसून सांगत होती आणि मी टाइप करत होतो. सगळ्या तिने दळताना स्वतः रचलेल्या. काही भीमाच्या, काही लेकराच्या शाळेच्या. तिला लिहिता येत नव्हतं. प्रिंट काढायची राहिली, कारण रिबन संपली होती. पुढे ती गेली. दुसरी प्रत कुठेच नाही, पण माझ्याकडे असताना प्रत लागते कशाला? एका रविवारचं काम आहे, असं सांगून टाकलं.

१२ जानेवारी, रविवार
मशीन माळ्यावरून उतरवलं. सुगंधा शिंकत म्हणाली, कित्याक काढलात ह्यां धूड? बायकोला हार्डवेअर कळत नाही, म्हणून उत्तर दिलं नाही.
रॅम खोडरबरने घासली. तीन बीप, मग काळोख. पुन्हा घासली. चालू. बॅटरी मेल्यामुळे मशीनच्या मते आज १ जानेवारी १९९८ आहे. वाईट नाही, तेव्हा मला केस होते.
SONUBAI नावाची फाइल दिसली. जागच्या जागी. अंबादासला फोन करून सांगितलं, काम नव्वद टक्के झालं.

१५ जानेवारी, बुधवार
फाइल उघडत नाही. मराठीचं सॉफ्टवेअर लॉक मागतं. लॉक म्हणजे मागे प्रिंटरच्या जागी लावायचं काडेपेटीएवढं डबडं. ते लावल्याशिवाय आत प्रवेश नाही. दिवसभर शोधलं. सुगंधाला शिवणाच्या डब्यात मिळालं, पिना वाकलेल्या. लॅमिंग्टन रोडला नवीन मिळतं का बघायला गेलो. दुकानातला मुलगा हातात घेऊन म्हणाला, अंकल, ये है क्या? हल्लीच्या लोकांना बेसिकच येत नाही.
पिना घरी चिमट्याने सरळ केल्या. एक तुटली. बहुतेक ती वापरात नसावी.

१९ जानेवारी, रविवार
अंबादासला भेटायला वाकोल्याला गेलो. आवाज घोगरा झालाय, मधेच तुटतो. त्याची मुलगी अस्मिता अंधेरीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, काका, आमच्या लॅबचा कॉम्प्युटरवाला डिस्क काढून केबलने लॅपटॉपला लावून देईल, जुना फॉन्ट बदलायची सोय पण असते म्हणे. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या मशीनला परक्याचा स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही.
मग तिचं दुसरं. पप्पांना ज्या आठवतात त्या तरी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेऊया ना. अंबादास लगेच सरसावून बसला. डोळे मिटून म्हणाला,
जात्याच्या खुंट्याला हात माझा मायबाई...
पुढचं आठवेना. पुन्हा तीच ओळ म्हणाला. अस्मिताने मोबाइल तसाच धरून ठेवला होता. मीच थांबवलं त्याला. म्हटलं, घशाला त्रास कशाला देतोस? अख्खं अस्सल येतंय माझ्याकडून, अर्धवट आठवणीतलं कशाला भरायचं? त्याला पटलं. अस्मिताला पटलेलं दिसलं नाही. ती लहान आहे.

२६ जानेवारी, रविवार
मोठी प्रगती. लॉक लागलं, सॉफ्टवेअर उघडलं. आता फॉन्ट नाही म्हणतं. फाइल उघडायला गेलं की तोच एरर. फॉन्ट फ्लॉपीवर आहे आणि फ्लॉपी ड्राइव्ह वाचत नाही. उघडून पाहिला तर आत कुंकू. दर दसऱ्याला मशीनची पूजा मीच करायचो, सढळ हाताने. सुगंधाच्या जुन्या टूथब्रशने साफ करतोय.
पेनड्राइव्ह लावून पाहिला. तो चालायला ड्रायव्हर लागतो, तो सीडीवर आहे आणि सीडीचा ट्रे उघडत नाही. टाचणी घालून उघडला, आता बंद होत नाही.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून काम.

२ फेब्रुवारी, रविवार
पहाटे उठणं तब्येतीला मानवत नाही.
अस्मिताचा फोन. म्हणाली, काका, खरं सांगा, होणार आहे का? पप्पांचा आवाज दिवसेंदिवस बसतोय, नाहीतर मी आजच रेकॉर्डिंगला बसवते त्यांना. मी म्हटलं, अगं, बुधवारपर्यंत शंभर टक्के. त्याचा आवाज वाचनासाठी जपून ठेव. बुधवारी संध्याकाळी तिने सगळ्या नातेवाइकांना बोलावलंय. जालन्याहून मामा पण येणार. लोकांनी निदान एक दिवस राखीव ठेवायला हवा होता.

५ फेब्रुवारी, बुधवार
फ्लॉपी दुपारी एकदा वाचली. फॉन्ट अर्धा कॉपी झाला आणि मशीन गोठलं. मन एकाग्र व्हावं म्हणून मोबाइल सायलेंट केला. नंतर पाहिलं तर अस्मिताचे बरेच मिस्ड कॉल आणि एक मेसेज. पप्पा चष्मा लावून बसले होते. सगळे चहा पिऊन गेले.
मी इथे मान मोडून काम करत होतो, हे कोणाला दिसत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ऑपरेशन व्यवस्थित झालं. फारच आनंद झाला.

९ फेब्रुवारी, रविवार
उघडली. दुसऱ्या फ्लॉपीवर पूर्ण फॉन्ट मिळाला आणि SONUBAI उघडली. झकास, वळणदार मराठी अक्षरं. सुगंधाला हाक मारली.
वर कुलस्वामिनी प्रसन्न. खाली चि. सुशांत आणि चि. सौ. कां. रुचिरा. मुहूर्त, स्थळ, आपले नम्र. सगळ्यात शेवटी, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.
सुगंधाने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. आत निघून गेली.
त्या काळी क्लासाच्या जोडीला लग्नपत्रिकांचीही कामं घ्यायचो, प्रत्येक पत्रिकेला नवी फाइल कोण करत बसायचं? शेवटची उघडायची, मार्जिन बसवलेलं असायचं. आतला मजकूर पुसायचा, नवी नावं टाकायची, सेव्ह. सगळे ऑपरेटर हेच करायचे. पण ओव्यांच्या बाबतीत माझ्या हातून असं होणं शक्य नाही. व्हायरस असणार. नाहीतर जुन्या व्हर्जनचा गोंधळ.
बाकीच्या सगळ्या फाइल उघडल्या. सगळ्या पत्रिका. काही बारशाच्या.
जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
हॉस्पिटलमध्ये गेलो. जायचं नव्हतं, सुगंधाने पाठवलं. म्हणाली, जावा आणि खरां काय तां सांगा. अंबादासच्या गळ्यात नळी, हातात पोरांची पाटी. मला बघून त्याने लिहिलं, उघडलं का?
मी म्हटलं, उघडलं.
त्याने माझा हात धरला तो सोडेचना. डोळ्यांतून पाणी. तोंड उघडलं होतं, आवाज काहीच नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं. अस्मिता म्हणाली, सॉरी काका, मी तुमच्यावर उगाच चिडले होते. आता पप्पांना वाचता येणार नाही, पण तुम्ही वाचाल ना त्यांच्यासाठी? आजी तुमच्याजवळच बसून सांगायची.
अंबादासने पाटी पुसली आणि लिहिलं, वाच. मग त्याच्याखाली रेघ ओढली.
प्रिंट अजून यायची आहे, म्हटलं. त्याने मान हलवली, घाई नाही अशी.
घरी येऊन बराच वेळ मशीनपुढे बसलो. एकेक अक्षर माझ्याच बोटांनी टाइप केलं होतं. एकही ओवी आठवत नाही. सोनूबाई सांगत होती तेव्हा मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो.
प्रिंटर जुन्या मशीनला कंपॅटिबल नाही, असं उद्या सांगावं.